गोटी न हलणारी जमीन

पालीच्या थांब्यावर एस.टी.ची वाट पाहत होतो. मागच्या बाकावर आंबारसाच्या कारखान्याचे गनीशेठ आणि त्यांचे गवंडी महिपत मेस्त्री बसले होते.

"मेस्त्री, कारखान्याची जमीन फोडायची."

"शेठ, पाणसळ लावून केलेली जमीन हाय. मधोमध गोटी ठेवा, हलत नाय."

"पाणीही हलत नाही. सांडलेला रस कोपऱ्यात आंबतो, त्यात जंतू वाढतात आणि तिथून पिंपात जातात. गेल्या मोसमात दोनशे डबे फुगले."

"फडक्यानं पुसायचं."

"फडकं त्या जंतूंना साऱ्या कारखान्यात फिरवून आणतं. मला गटाराकडे उतार हवा. आणि कोपऱ्यांना गोलाई, म्हणजे कुंचा आतवर जाईल."

"गोल कोपरे? लोक म्हणतील, महिपतचा हात थरथरायला लागला."

"म्हणू देत. यंदा डबे फुगले तर कारखान्याला कुलूप."

"आंबा उतरायला किती दिवस राहिले, शेठ?"

"दीड महिना."

"उद्यापासनं फोडतो. पण दारावर पाटी लावा: उतार मुद्दाम दिला आहे."

"लावतो. खाली तुमचं नाव घालू?"

"आधी बादलीभर पाणी ओतून बघू. पळालं, तर घाला."