मागून चढा, पुढून उतरा

(डेपोमागच्या मोकळ्या जागेत, भंगार वेचणाऱ्यांच्या वस्तीत उभी असलेली एक जुनी बस. भर दुपार. बसमध्ये राहणारी आजी, अ‍ॅम्ब्युलन्समधून आलेली तरुण पॅरामेडिक आणि अ‍ॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर.)

आजी : पुढून नाही! मागून चढ. पुढचं दार उतरायचं.

पॅरामेडिक : आजी, छातीत दुखतंय म्हणून तुम्ही फोन केलात. मी पुढच्या दारात उभी आहे. तुमच्यापासून दोन पावलांवर.

आजी : दुखतंय म्हणून नियम बदलतो होय? बत्तीस वर्षं डेपोत बस झाडल्यात मी. पुढून चढणारा माणूस नेहमी बिनतिकिटाचा असतो.

ड्रायव्हर : बरोबर आहे मॅडम. मागूनच चढायचं.

पॅरामेडिक : काका, तुम्ही कोणाच्या बाजूनं आहात?

ड्रायव्हर : मी मागच्या दारात आहे. बॅग इकडं द्या.

आजी : आणि चढताना दोरी ओढ. एक बेल. त्याशिवाय मला कळत नाही, माणूस आलाय की मांजर.

पॅरामेडिक : घ्या, ओढली. चढले. आता सांगा, कधीपासून दुखतंय?

आजी : सकाळी चहा गाळताना छातीवर कुणीतरी येऊन बसलं. म्हटलं, उतरेल पुढच्या स्टॉपला. उतरायचं नावच घेईना.

पॅरामेडिक : हात दुखतो? जबडा?

आजी : डावा हात दुखतो. जबडाही दुखतो, पण तो बोलून बोलून असेल.

पॅरामेडिक : मी तुम्हाला हात लावू का?

आजी : हे नवीनच. मागच्या वर्षी ताप आला तेव्हाही तुमच्यातला एक आला होता. खाली उभा राहूनच ओरडला, ताप आहे का? म्हटलं, वर ये, हात लावून बघ. तर म्हणे, भंगार वेचणाऱ्यांच्या वस्तीत आम्ही वर चढत नाही. नाकाला रुमाल लावला आणि खालूनच नाडी बघितली.

पॅरामेडिक : खालून नाडी कशी बघणार?

आजी : अंदाजानं.

पॅरामेडिक : मी अंदाजानं नाही बघत. छातीवर पट्ट्या चिकटवते. वरची दोन बटणं काढावी लागतील, चालेल? काका, तोंड तिकडं करा.

ड्रायव्हर : मी केव्हाचा तिकडंच बघतोय. काय स्टिअरिंग आहे! मावशी, बसू का सीटवर?

आजी : बस. हॉर्न वाजवू नको, त्यात चिमण्या आहेत.

पॅरामेडिक : आता हलू नका. बोलूही नका, अर्धा मिनिट.

आजी : एवढा वेळ?

पॅरामेडिक : आजी.

आजी : बरं, बरं.

पॅरामेडिक : …झालं. ही गोळी घ्या. गिळायची नाही, चावायची.

आजी : दात तीन आहेत.

पॅरामेडिक : तिन्ही वापरा. आणि आता नीट ऐका. हृदयाला रक्त नेणारी एक नळी तुंबलीय. हॉस्पिटलात ती लवकर उघडली, तर तुम्ही घरी येऊन मला पुन्हा मागून चढायला लावाल. इथंच बसून राहिलात, तर…

आजी : तर?

पॅरामेडिक : तर नाही लावणार.

आजी : स्पष्ट बोलतेस, चांगलं आहे. पण मी येत नाही.

पॅरामेडिक : अहो, फोन तुम्हीच केलात ना?

आजी : बघायला बोलावलं, न्यायला नाही. गवंड्याला भिंतीची ओल बघायला बोलावलं, म्हणून तो भिंत घेऊन जातो का?

ड्रायव्हर : मुद्दा आहे.

पॅरामेडिक : काका!

आजी : पोरी, रागावू नको. आत माणूस असला तर हे घर. नसला तर बेवारस वाहन. पालिकेवाले तसा कागदच चिकटवून गेलेत. मी दळण आणायला गेले तरी क्रेन येते. त्यांना कसा वास लागतो देव जाणे.

पॅरामेडिक : मग कुणाला तरी बसवा की आत. तो समोरचा पंक्चरवाला?

आजी : त्यालाच बसवलं होतं एकदा. मी परत आले तर बसची पुढची चाकं हवेत, आणि हा खाली उभा राहून क्रेनवाल्याला सांगतोय, 'थोडं डावीकडं घ्या.'

ड्रायव्हर : चालू क्रेन बघितली की माणसाचं असं होतं. माझंही होतं.

आजी : बस भंगारात निघाली आणि मी कामावरून निघाले, एकाच दिवशी. साहेब म्हणाला, दोघी निकामी, जा घेऊन. अकरा वर्षं झाली. आता एकीला सोडून दुसरीनं कुठं जायचं?

पॅरामेडिक : …तुम्ही या गादीवर टेकून बसा. तोवर मी तुमच्या हृदयाचा हा आलेख हॉस्पिटलला पाठवते. पत्ता सांगा.

आजी : डेपोच्या मागं, पंक्चरवाल्याच्या पुढं.

पॅरामेडिक : टॅब घर नंबर मागतोय. आकडा टाकल्याशिवाय आलेख पुढं जात नाही.

आजी : घराला कुठला आलाय नंबर? बसला आहे.

ड्रायव्हर : अठ्ठेचाळीस सत्तावीस. इथं आतही लिहिलाय. खाली लिहिलंय, 'चालकाशी बोलू नये.'

पॅरामेडिक : किती छान सूचना आहे. अठ्ठेचाळीस… सत्तावीस… गेला! घेतला त्यानं! थांबा, कंट्रोलचा फोन आला. हॅलो? हो, बोलते… अपघात? नाही हो… बस आहे, हो… प्रवासी एकच… नाही, धडक नाही, उभी होती… किती वेळ? अकरा वर्षं… हॅलो? अकरा, अकरा… ड्रायव्हर? आहे ना, सीटवर बसलाय… छे, प्यायलेला नाही!

ड्रायव्हर : सांगा त्यांना, अजून चहासुद्धा झालेला नाही.

पॅरामेडिक : ठेवला त्यांनी. टॅबला गाडीचा नंबर दिसला आणि त्यानं आपोआप 'रस्ता अपघात' लिहून टाकलं. पोलिसांनाही कळवलं. आलेख मात्र हॉस्पिटलला पोचलाय, तिकडं सगळे तयार आहेत. हे अपघाताचं आधी खोडून घेते…

ड्रायव्हर : मॅडम, हात मागं घ्या.

पॅरामेडिक : का?

ड्रायव्हर : अपघातातली गाडी पंचनामा होईपर्यंत जागची हलवता येत नाही. कुणालाच. क्रेनवाल्याच्या बापालाही नाही.

आजी : काय म्हणालास?

ड्रायव्हर : वळणावर तो आडवा ट्रक आहे ना, मावशी? माझं लग्न झालं त्या वर्षी पडला. मुलीचं लग्न झालं. ट्रकचा पंचनामा व्हायचाय.

पॅरामेडिक : काका, पण हे खोटं आहे.

ड्रायव्हर : आपण कुठं लिहिलं? टॅबनं लिहिलं. तुम्ही दुरुस्तीचा अर्ज करा की, रीतसर. मी माझं वय दुरुस्त करायचा अर्ज दिलाय, त्याला सहा वर्षं झाली. कागदोपत्री मी अजून वडलांपेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे.

पॅरामेडिक : …अर्ज मी आजच करणार. संध्याकाळी. आजींना पोचवल्यावर.

ड्रायव्हर : अगदी. नियम म्हणजे नियम.

आजी : ते ठीक. पण क्रेनवाल्याला कळणार कसं?

ड्रायव्हर : गाडीत पिवळी पट्टी आहे, अपघाताच्या जागी बांधायची. बसला गुंडाळतो.

आजी : हॉर्नवरून नको गुंडाळू. पिल्लं आहेत.

ड्रायव्हर : पिल्लं सोडून गुंडाळतो. उचलायची खुर्चीही घेऊनच येतो.

पॅरामेडिक : आजी, पंचनामा व्हायच्या आत तुम्ही परत याल. आणि मधे कुणी आलंच, तर माझा नंबर या काचेवर लिहिते. रात्री-बेरात्री फोन आला तरी मी येईन.

आजी : येशील, आणि पुढून चढशील.

पॅरामेडिक : नाही चढणार. येता का आता?

आजी : स्टोव्ह बंद आहे का बघ. ती पिशवी घे. पदर नीट कर माझा. तो आला का खुर्ची घेऊन?

ड्रायव्हर : आलो. मावशी, चालायचं नाही हं, नुसतं बसायचं. मॅडम, तुम्ही पायाकडं धरा. पुढच्या दारानं.

आजी : पुढच्याच. उतरायचं आहे ना.

पॅरामेडिक : सावकाश, काका. पायरी… अजून एक. हं. आता अ‍ॅम्ब्युलन्समध्ये, मागून.

आजी : मागून चढवताय, छान. हिचं पुढचं दार कुठंय?

पॅरामेडिक : पेशंटला नाहीये पुढचं दार. हे एवढं एकच.

आजी : मग माणूस उतरतो कुठून?

पॅरामेडिक : यातूनच. जिथून चढतो तिथूनच.

आजी : सगळे उतरतात?

पॅरामेडिक : वेळेवर चढलेले बहुतेक उतरतात. मी तुमच्या शेजारीच बसतेय. तुमचा हात धरू का?

आजी : विचारत काय बसतेस सारखं? धर.

ड्रायव्हर : मॅडम, दार लावलं. निघू?

पॅरामेडिक : आजी, निघू ना?

आजी : …टिंग टिंग.