पाच इंजिनांचा रणगाडा आणि आमचे आबा

मी भटू, मूळचा अमळनेरचा. आमचे आबा, म्हणजे वडील, तेलाच्या गिरणीत फिटर, उभा जन्म इंजिनापाशी गेला, त्या आवाजानं कान गेले पण गिरणी बंद पडू दिली नाही. गावात इंजिनाच्या बाबतीत आबांचा शब्द म्हणजे शब्द. आणि मी असा, पायाला भिंगरी, मॅट्रिकला बसायच्या आधीच फौजेत पळालो, तिथं मला रणगाडे दुरुस्त करायला लावलं.

आता काय सांगू तुम्हाला, ते रणगाडे महायुद्धातले, अमेरिकेत बनलेले. लढाईच्या घाईत तिकडे मोठं इंजिन मिळेना, मग त्या लोकांनी काय केलं, मोटारीची पाच इंजिनं घेतली, गोल मांडली आणि एकाच दांड्याला जोडली. एका गाडीत पाच इंजिनं हो! खालच्या इंजिनापर्यंत हात पोचायचा नाही, मग अख्खा गोळा क्रेननं बाहेर काढायचा, शिव्या द्यायचो आम्ही. पण एखादं रुसलं तरी बाकीची त्याला ओढत न्यायची.

सुट्टीवर आलो तेव्हा चौकात हे सांगितलं, तर सगळे हसले. आबा तिथंच होते. त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं, तर म्हणाले, एक गाडीले पाच इंजिन? फौजमा जाईसन थापा मारानं शिकना का रे? तेव्हापासून लोक त्यांना पाच इंजिनवाल्याचा बाप म्हणायला लागले, आणि आबांनी माझ्याशी यंत्राचं बोलणंच सोडलं. तब्येत विचारायचे, पोरांचं विचारायचे, पण इंजिनाचं नाव नाही. बाप-लेक दोघं फिटर, आणि तेच बोलणं बंद, विचार करा.

फौजेतून सुटलो, धुळ्याला एसटीच्या वर्कशॉपात लागलो, आबांनाही धुळ्यालाच राहायला आणलं. ऐंशी सालानंतरची गोष्ट, एक दिवस भंगारवाले रशीदभाई घरी आले, म्हणे भटूभाऊ, लिलावात मिलिटरीचा माल उचललाय, एक लोखंडी राक्षस आलाय, कुठून तोडायचा ते बघून जा. गेलो, तर देवाशपथ, तेच! पाच इंजिनं, गंजलेली, एकाच दांड्याला. मी म्हटलं, रशीदभाई, कटर लावू नका, मला एकदा चालू करू द्या. ते म्हणाले, जागा अडली माझी, दिवाळीपर्यंत काय ते करा, मग मी ऐकणार नाही.

मग मला चैन कसलं. ड्यूटी सुटली की भंगारात. आमची सुमन भांडायची, म्हणायची, बाई ठेवली असती तर निदान लोकांना नाव तरी सांगता आलं असतं! पण डबा स्वतः आणून द्यायची. याचा पार्ट काढ, त्याला लाव, असं करत तीन इंजिनं जमली. दोन काही केल्या जमेनात, ती नुसती फिरतील एवढी मोकळी केली.

दिवाळी तोंडावर आली तसं आबांना रिक्षात घालून नेलं. ट्रकच्या बॅटऱ्या लावल्या. आधी नुसता धूर. परत मारलं, काही नाही. आबा खाटेवर बसलेले, माझ्याकडे बघेनात. पुन्हा मारलं आणि पेटलं, असा दणका की पत्रे थरथरले, रशीदभाई अल्ला अल्ला करत मागं सरले. आबांना ऐकू तर येत नव्हतं. ते उठले, एका इंजिनावर तळहात ठेवला, मग दुसऱ्यावर, असं फिरत पाचही पाहिली. माझ्याकडे वळून म्हणाले, भटू, यामाना दोन मरेल शेतस ना रे? हो, दोन मेलेलीच, मी मान हलवली. म्हणाले, तरी बी फिरी राह्यनात. फिरतच होती ती, बाकीच्या तिघांच्या जोरावर. आणि आबा तिथंच रडायला लागले.

दुसऱ्या दिवशी कटर लागला. मी बघायला गेलो नाही. आबा होळीपर्यंत जगले, आणि रोज विचारायचे, तेल कसं जायचं, पाणी कसं फिरायचं, दांडा तुटायचा का. इतक्या वर्षांचं राहिलेलं बोलून घेतलं आम्ही.

आता रिटायर झालोय. मुलगा म्हणतो, बाबा, शांत बसा. बसवत नाही हो. सकाळी स्टँडवर जातो, मिळेल ती गाडी धरतो, ड्रायव्हरच्या मागं बसून जातो आणि त्याच गाडीनं परत येतो. काम काही नसतं. सुमन आता विचारतसुद्धा नाही, पाण्याची बाटली हातात देते. तुम्ही एवढं ऐकून घेतलंत, देव तुमचं भलं करो, पोराबाळांत सुखी राहा. पण उठू का आता? पिंपळनेरची गाडी लागली असेल.