सुगरणीच्या घरट्याची दुरुस्ती

दुसरीची पोरं चित्रं नुसती बघतात म्हणता ना, मग आमच्या रुबिनाचं ऐका.

शेलार गावच्या शाळेत माझ्याकडे दुसरीचा वर्ग आहे. चिकाटी शिकवायची म्हणून मी सुगरण पक्ष्याचं चित्रांचं पुस्तक वर्गात फिरवत होते. घरटं, घरट्यात अंडी, असं ते चित्र. पुस्तक रुबिनाकडे गेलं आणि तिने पेन्सिल काढून सरळ त्या घरट्यावर रेघा मारायला सुरुवात केली.

मी ओरडलेच, "रुबिना! लायब्ररीचं पुस्तक आहे ते!"

ती घाबरली, पण पेन्सिल सोडेना. "टीचर, ये घर गिर जाएगा. अंडी पडतील."

"कशी पडतील?"

तिने वहीचं पान फाडून पट्ट्या केल्या. काही उभ्या मांडल्या, त्यांच्यावर काही आडव्या ठेवल्या. "ये किताबवाला." फुंकर मारली, सगळ्या उडाल्या. मग त्याच पट्ट्या एक वरून, एक खालून अशा विणल्या आणि माझ्यासमोर धरून जोरात झटकल्या. एकही सुटली नाही.

"कोणी शिकवलं गं?"

"कोणीच नाही. अब्बूंच्या लूमवर कापड विणताना बघते ना मी."

मी पुन्हा चित्र पाहिलं. खरंच, सगळ्या काड्या नुसत्या एकमेकींवर ठेवलेल्या! तीन वर्षं तेच पुस्तक शिकवतेय मी.

रेघा पुसायला घेतलेला खोडरबर मी खाली ठेवला. म्हटलं, "रुबिना, पुढचं पानही बघ बाई. तिथे पिल्लं आहेत."