डॉक्टरांच्या दारातली किल्ली

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी गाल सुजलेला एक किल्लीवाला बसला होता. पलीकडच्या मावशींनी त्याला विचारलं,

"फार दुखतंय का हो?"

"दाढ काढायचीय. सकाळी याच डॉक्टरांच्या घरी गेलो होतो, दाराच्या कुलपात मोडलेली किल्ली काढायला. तेव्हा म्हणाले, दुपारी या, दाढ बघतो."

"निघाली का किल्ली?"

"निघणार नाही तर काय! तेल सोडलं, करवतीचं बारीक पातं आत सरकवलं, त्याचे दाते किल्लीत अडकवले आणि अलगद ओढली. पण मी पोचेपर्यंत डॉक्टरांनी चिमट्याने उपटायला जाऊन ती पार आत ढकलली होती."

"अगंबाई! चिमटा कुठला?"

"इथलाच. बाईसाहेब घरात अडकलेल्या. दाराआडून ओरडत होत्या, 'अहो, तुम्ही हात लावू नका! ज्याला येतं त्याला बोलवा!'"

"मग?"

"डॉक्टर म्हणाले, 'अगं, मी रोज हेच तर करतो!'"

तेवढ्यात नर्सने हाक मारली, "किल्लीवाले, चला आत."

"मावशी, तुम्ही व्हा ना पुढे."

"मला कसली घाई? मी कवळी न्यायला आलेय. माझे बत्तीसच्या बत्तीस यांनीच काढले."