राखेच्या काँक्रीटची खोली

नाव: आयल्सा कोरिगन, वय ५८ वर्षे, धंदा: दूधगाई पाळणे, राहणार: वरातुक खोरे, गिप्सलँड, व्हिक्टोरिया.

समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की, माझे पती लॉक्लन कोळशाच्या वीजकेंद्रात बांधकामावर होते. घरामागच्या टेकाडात त्यांनी वणव्यासाठी काँक्रीटची आसऱ्याची खोली बांधली. सिमेंट तिसऱ्या हिश्शाने कमी करून त्यात केंद्रातली राख घातली होती. शेजारी नेव्हिल हाउप्ट कुंपणावरून म्हणाले, "वणव्यातनं वाचायला राखेत शिरणार होय रे, लॉकी?" पती म्हणाले, "ताप लागला की ही राख आणखी धरते, नेव. एका हद्दीपर्यंत. त्यापुढं कुणीच धरत नाही."

नेव्हिल यांनी गेल्या हिवाळ्यात आपली खोली बांधली. तिच्या सिमेंटात सिलिकाची बारीक धूळ होती. काँक्रीट दाट, काचेसारखे गुळगुळीत झाले. पतींनी हात फिरवून पाहिला. म्हणाले, "देखणी आहे. पण ओल आत कोंडलीय. वाफेला वाट ठेव बाबा."

मंगळवारी वारा फिरला आणि वणवा आमच्या बाजूला वळला. दुपारीच अंधारले. आम्ही दोघे खोलीत गेलो. नेव्हिल यांच्या बाजूने बंदुकीच्या बारासारखे आवाज येऊ लागले. पती म्हणाले, "भिंती फुटतायत त्याच्या." मी म्हणाले, "नको जाऊस." ते म्हणाले, "आलोच. तू चहा टाक." खोलीत चूल नव्हती.

नंतर नेव्हिल आत ढकलले गेले. अंगात कपच्या रुतल्या होत्या. वाऱ्याने दार बाहेरच्या बाजूला फेकले होते, ते आतून ओढवेना. ते बाहेरून लोटून बंद करण्यात आले. आतली कडी मी लावली.

मी भिंतीला पाठ लावून बसले. पलीकडे सारा डोंगर पेटला होता आणि माझ्या पाठीला गारवा लागत होता. हे कसे सांगावे ते मला कळत नाही.

बाहेर आलो तेव्हा ट्रॅक्टरची काच वितळून ओघळली होती. भिंत गुलाबी झाली होती, गाला पोपटाच्या छातीसारखी. केसाएवढ्या भेगा होत्या, पण ढलपा एकही निघाला नव्हता. नेव्हिल यांनी दगडाने ठोकून पाहिले. खणखणीत वाजली. त्यांनी टोपी काढली.  मग आम्ही दाराकडे वळलो; बाहेर पडताना तिकडे पाहिले नव्हते.

माझी नेव्हिल यांच्याविरुद्ध तक्रार नाही.

हे सर्व मला मोठ्याने वाचून दाखवले, ते मी बोलले तसेच आहे. चार ठिकाणी 'मयत' असे लिहिले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडून 'पती' केले आहे.