यॉर्कला जायचं ठरेपर्यंत

...आणि हे सगळं कशासाठी, तर दोन दिवसांच्या ट्रिपसाठी. तुम्हाला सांगते, लोक मुलीचं लग्न ठरवतात तरी एवढा खल करत नाहीत. फ्रँकफर्टहून इंग्लंडातल्या यॉर्कला जायचं, जुनं गाव आहे, हिंडायचं, चहा प्यायचा, परत यायचं... यात ठरवायचं काय असतं? पण आमच्या विभावरीचा नवरा शिरीष पडला मेकॅनिकल इंजिनियर, त्यात अर्धं आयुष्य जर्मन कंपनीत, म्हणजे त्याला कोथिंबीर आणायला पाठवलं तरी तो आधी नकाशा उघडतो आणि मग येताना कोथिंबीर विसरतो.

आता यॉर्कच का, तर त्यांची तनया तिथे शिकायला गेलीय. एकुलती एक, इथेच जन्मलेली, मराठी सगळं कळतं पण उत्तर जर्मनमध्ये. जमिनीतून जुनी खापरं उकरायचं शास्त्र असतं ना, ते शिकायचं म्हणाली. शिरीष म्हणाला, इथे जर्मनीत काय खापरं संपली? ती म्हणाली, "बाबा, लास मिश दोख," म्हणजे जाऊ दे ना मला. तो म्हणाला जा. एवढंच. भांडण म्हणावं तर भांडणही नाही, पण निघायच्या दिवशी या माणसाने तिची बॅग स्वतः भरली, पट्टा बांधला, ओढून ओढून तपासला, आणि स्टेशनवर लेकीला काय म्हणाला, तर "पासपोर्ट घेतलास?" बस.

त्यानंतर दर रविवारी फोन. विभावरी पोटभर बोलायची आणि फोन नवऱ्याच्या हातात द्यायची. "बरी आहेस?" "या," म्हणजे हो. "ऊन आहे का तिकडे?" "नाइन," म्हणजे नाही. "ठेवतो मग." विभावरीला वाटायचं, हे बाप-लेक आहेत की हवामान खातं?

आणि एक दिवस जेवताना शिरीष घसा साफ करून म्हणतो, "यॉर्कला रेल्वेचं म्युझियम आहे म्हणे. फार चांगलं आहे. बघायला हवं." विभावरीने हातातली पोळी खाली ठेवली. या माणसाला घरातलं वॉशिंग मशीन सोडून कुठल्या यंत्राचं प्रेम असलेलं तिने पाहिलं नव्हतं. पण ती शहाणी बाई, चेहरा सरळ ठेवून म्हणाली, "जाऊ या की. दोन दिवसांची तर ट्रिप."

झालं. तिथून सुरू झालं.

विमान नको. का? तर रेल्वेचं म्युझियम बघायला विमानाने गेलेलं बरं दिसत नाही. मग ट्रेन. फ्रँकफर्टहून ब्रसेल्स, तिथे गाडी बदलून समुद्राखालून लंडन, लंडनहून यॉर्क. आता ब्रसेल्सला गाडी बदलायला वेळ किती ठेवायचा? हे कोणाला विचारायचं? तर तनया सामान घेऊन याच रस्त्याने गेली होती. म्हणून शिरीषने फोन लावला. स्वतःहून लावला हो, रविवार नसताना. विभावरीने स्वयंपाकघरातला नळ बंद केला, ऐकू यावं म्हणून.

"तनया, ब्रसेल्सला किती वेळ लागतो?"

"आल्झो... आइने श्टुंडे."

"एक तास? आणि इकडची गाडी लेट झाली तर?"

"दान त्स्वाय."

"दोन तास? दोन तास माणसाने तिथे करायचं काय?"

यावर पोरगी चक्क मराठीत म्हणाली, "बाबा, तिथे वॉफलचं दुकान आहे. बाजूला बाक आहे. मी तिथे बसून थोडी रडले होते."

विभावरीला दिसत होती ती फक्त नवऱ्याची पाठ. ती पाठ काही हलली नाही. तो म्हणाला, "बरं. मग दोन तास ठेवू या."

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, कारण लंडनला स्टेशन बदलावं लागतं. तिसऱ्या दिवशी पुन्हा, कारण इंग्लंडात म्हणे दुधातुपाचे पदार्थ नेऊ देत नाहीत, मग बेसनाचा लाडू तुपात धरायचा की बेसनात? यावर बाप-लेकीची चर्चा अर्धा तास चालली आणि लाडू वळायचे होते विभावरीला, तिला कोणी विचारलं नाही. मग हॉटेल. नदीजवळ घ्यावं तर नदीला पूर येतो, चर्चजवळ घ्यावं तर घंटा वाजतात. "बाबा, घंटा छान असतात." "तुला छान, तुझ्या आईला झोप नाही." आई बिचारी पाळण्यातल्या पोरासारखी झोपते, विमानतळाशेजारी राहते ती, तिला घंटा काय करणार?

बरं, विभावरी रोज चांगल्या गाड्या काढून दाखवायची. "ही बघ, वेळ चांगली आहे, काढू?" तर त्यात म्हणे उलट्या दिशेला तोंड करून बसावं लागतं. दुसरी दाखवली, ती फार सकाळी. तिसरी दाखवली, ती चांगली होती, त्यात खोटच नव्हती, तर म्हणतो, "एकदा तनयाला विचारतो." ख्रिसमसचा बाजार लागला, उठला. व्हिसा येऊन पडला, त्याचे महिने सरायला लागले. विभावरीचं डोकं फिरायची वेळ आली. अरे, दोन दिवसांची तर ट्रिप.

एका संध्याकाळी ती कपड्यांच्या घड्या करत बसली होती आणि आतून आवाज येत होता. तनया सांगत होती, खोदताना तिला हाडाच्या फणीचा तुकडा सापडला, एकच दात शिल्लक. आणि हा विचारत होता, "कोणाची असेल गं? बाईची की मुलीची?" ती म्हणाली, कळत नाही. हा म्हणाला, "तुझे केस विंचरायचो मी, तू फार ओरडायचीस." ती हसली. जर्मनमध्ये काहीतरी म्हणाली, हाही हसला. पाऊण तास. आणि त्यात गाडीचं नाव नाही.

फोन ठेवून तो बाहेर आला. विभावरी म्हणाली, "ठरलं का तिकीट?"

"नाही अजून. लंडनचं जरा राहिलंय."

"शिरीष."

तो तिच्याशेजारी बसला. एक मोजा उचलला, जोडीचा शोधायला लागला. म्हणाला, "तिकीट काढलं की मग तिला विचारायचं काय गं?"

विभावरीने दुसरा मोजा त्याच्या हातात दिला आणि आणखी काही आठवडे गप्प बसली. मला म्हणाली, बसले असते गं आणखी, पण एका रविवारी तनयाने हळूच विचारलं, "आई, कॉम्ट ईअर युबरहाउप्ट?" येणार आहात का मुळात तुम्ही? तेव्हा मात्र तिने फोन उघडला आणि शुक्रवारच्या रात्रीच्या बसची तिकिटं काढली, थेट लंडन, पुढे दुसरी बस यॉर्क.

"बस?" शिरीष म्हणाला. "रात्रभर? त्यात काही प्लॅनिंगच नाही."

"गेनाऊ," विभावरी म्हणाली. म्हणूनच.

त्याने लेकीला फोन लावला तो असा, की जणू अपघाताची बातमी द्यायचीय. "तुझ्या आईने तिकिटं काढली. शुक्रवारी निघतोय." पलीकडून आवाज आला, बारीक, आणि स्वच्छ मराठीत.

"मग उद्या फोन नाही करणार तू?"

शिरीषने चष्मा काढला आणि बायकोकडे बघितलं. विभावरी पुढे वाकून फोनमध्ये म्हणाली, "परतीचं मी काढलेलं नाही हं. ते तुम्ही दोघं ठरवा."

तर पोचले ते. भेटले. पोरगी बसथांब्यावर बापाला अशी बिलगली की ड्रायव्हरने दुसऱ्यांच्या बॅगा त्यांना वळसा घालून काढल्या. हे होऊन झाला आठवडा, मुक्काम लेकीच्याच खोलीवर. शिरीषने ऑफिसातली रजा वाढवून घेतली. काल विभावरीचा फोन आला मला. म्हटलं, निघताय कधी? तर म्हणाली, "काय माहीत बाई. बाप-लेक नकाशा पसरून बसलेत, ब्रसेल्सवरून परतायचं की ॲमस्टरडॅमवरून. मी आपली जाऊन तांदळाची पिशवी घेऊन आले. मोठी."