बदललं तेवढंच

—नाही हो काका, फोन चांगलाच आहे तुमचा, फाईल फालतू आहे. ते बघा, हिरॉइनच्या गालावर चौकोन — दिसले? आकाशात पट्टे — दिसले? सॉरी हं, मगापासून तुमच्या खांद्यावरून डोकावतोय, पण राहवत नाही, पोटापाण्याचा धंदाच तो माझा. सिनेमे दाबून लहान करतो. कसे? सोपंय. प्रत्येक क्षणाचं अख्खं चित्र ठेवलं तर फाईल फुगते, म्हणून एक चित्र पूर्ण घ्यायचं आणि पुढच्यात बदललं तेवढंच. भिंत तीच, खुर्ची तीच — जुनंच पुढे ढकलायचं. पण फार दाबलं की खरंच बदललेलंही गाळलं जातं, मग हे असे चौकोन. वर मोठ्या अक्षरात फोर-के लिहिलंय ना, त्याला भुलू नका. सेकंदाला माहिती किती दिलीय ते बघायचं.

आईलाही असंच पिडायचो. एकाच सिनेमाच्या दोन फायली लावून विचारायचो, कुठली चांगली? ती म्हणायची, दोन्ही सारख्याच दिसतात रे. मी कपाळावर हात मारायचो — तुला ना, काही कळतच नाही. मोतीबिंदू हो. दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही? घरात आम्ही दोघंच — कुणाच्या म्हणजे कुणाच्या? माझ्या. अंधाऱ्या सीनमधला एक डाग ज्याला सहन होत नाही, त्या हुशार माणसाच्या. ती भिंत धरून चालायची, मला वाटायचं गुडघे दुखत असतील.

आणि रोज मी निघताना म्हणायची, केस विंचरून जा. मी भडकायचो, टोमणा वाटायचा — हे बघा ना, विंचरण्यासारखं काही उरलंय का? आता कळतंय, तिला दिसतच नव्हतं. तिच्याकडे माझं जुनंच चित्र चाललं होतं, केसांसकट. माझ्याकडेही तिचं जुनंच. काल एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, आत पट्टी काढताहेत. हसू येतंय, भीतीही वाटतेय. टकलाचं काही नाही, आई आहे ती. पण म्हणाली, मला दिसत नव्हतं रे, तुला काय झालं होतं — तर काय सांगू?

हो सिस्टर, मीच. मुलगा. आलो.

काका, कंगवा आहे का हो तुमच्याकडे? — माहितीय. द्या तरी.